आधी गव्हाण, मग पुडी

शिरूर, शिक्रापूर किंवा दौंडच्या कुठल्याही पशुखाद्याच्या दुकानात दोन तऱ्हेचा माल असतो. दारापाशी गोण्यांची थप्पी : सरकी पेंड, गोळी पेंड, गव्हाचा भुसा, तूरचुणी, मका भरडा. आणि गल्ल्यामागच्या फळ्यांवर पुड्या, डबे, बाटल्या, कॅन : खनिज मिश्रण, यीस्ट, बायपास फॅट, टॉक्सिन बाइंडर, पाचक चूर्ण, लिव्हर टॉनिक, कॅल्शियम. गोणी कशासाठी घ्यायची हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. पुडीचे तसे नाही. ती कधी शेजाऱ्याने आणली म्हणून येते, कधी दूध संकलन केंद्रावर कुणी नाव घेतले म्हणून, तर कधी गाईने रवंथ थांबवला म्हणून घाईघाईने. दूध वाढले तर श्रेय पुडीचे. नाही वाढले तर दुसरी पुडी. हे पुस्तक त्या फळीवरच्या मालाविषयी आहे. जनावराचे पचन नीट राहावे, वाढ चांगली व्हावी म्हणून खाद्यात मिसळल्या जाणाऱ्या, ग्रॅममध्ये मोजल्या जाणाऱ्या पदार्थांना त्यात खाद्यपूरके म्हटले आहे.

या विषयाचे जगातले बरेचसे संशोधन मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या गुरांवर झालेले आहे, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. अमेरिकेतल्या फीडलॉटवर हजारो गुरे एका कुंपणात असतात. शेवटच्या काही महिन्यांत त्यांच्या खाद्याचा ८० ते ९० टक्के भाग धान्याचा व अन्य खुराकाचा असतो. रोज वजन किती वाढले आणि किलोभर वाढीला खाद्य किती लागले, एवढाच तिथला हिशेब. आपल्याकडे गुरे त्यासाठी पाळली जात नाहीत. महाराष्ट्रात १९७६च्या प्राणी संरक्षण कायद्याने गोहत्येला बंदी होतीच, २०१५च्या दुरुस्तीने ती वळू आणि बैलांपर्यंत पोचली. त्यामुळे आपल्या गोठ्यात वाढ म्हणजे कालवड वेळेत माजावर येणे, व्यालेली गाय खंगून न जाता दुधावर टिकणे, खोंडाच्या अंगावर मांस चढून तो औताला किंवा गाड्याला तयार होणे आणि बोकड बकरी ईदच्या बाजारापर्यंत निरोगी राहणे. पोट चौघांचेही एकाच घडणीचे आहे. गव्हाणीत पडते ते मात्र फीडलॉटपेक्षा फार वेगळे. या पुस्तकाचे सगळे म्हणणे या फरकावर उभे आहे : खाद्यपूरक म्हणजे एखाद्या आहारातल्या एखाद्या ठरावीक दोषावरचा उतारा. दोष आपल्या गव्हाणीत नसेल, तर उतारा कितीही नावाजलेला असो, तो शेणावाटे बाहेर जातो आणि पैसे दुकानात राहतात.

एकाच भागातल्या तीन गव्हाणी

केंदूर हे संत कान्हूराज महाराजांचे गाव शिरूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, वेळ नदीच्या खोऱ्यात आहे. पाबळ-केंदूरचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. ज्वारी-बाजरी पावसाच्या भरवशावर, कांदा विहिरीला पाणी असेल तसा. इथली जुनी गव्हाण कडब्याची. कडबा म्हणजे तंतू भरपूर आणि प्रथिने अगदी बेताची. त्यावर जगणारे जनावर सहसा आजारी पडत नाही. पण त्याची वाढ रेंगाळते, कालवड उशिरा माजावर येते आणि वेत लांबतो.

तिथून भीमा आणि घोडच्या काठाला उतरले की गव्हाण बदलते. न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना, पाटसचा भीमा कारखाना, खडकवासल्याच्या कालव्यावर पोसलेला दौंडचा ऊस, केडगावच्या आसपासची गुऱ्हाळे. तोडणीच्या महिन्यांत इथे उसाचे वाढे स्वस्त आणि मुबलक. गाय ते आवडीने खाते. पण वाढ्यांत ऑक्झलेट असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि शरीराला त्याचा लाभ होऊ देत नाही. महिनोन्‌महिने निव्वळ वाढ्यांवर राहिलेल्या गाईची हाडे आतून झिजत जातात. व्याल्यावर ती बसते, तेव्हा घरच्यांना वाटते की हे अचानक झाले.

तिसरी गव्हाण गेल्या काही वर्षांतली. संकरित होल्स्टिन गाई, मक्याचा मुरघास, गोणीतले तयार खाद्य आणि दिवसातून दोनदाच गव्हाण भरण्याची सोय. घरातली तरुण मुले रांजणगाव किंवा सणसवाडीच्या कंपन्यांत पाळीला जातात, गोठा घरच्या बायका आणि म्हाताऱ्या माणसांवर असतो. अशा घरात ही पद्धत अंगवळणी पडणे साहजिक आहे. या गव्हाणीत प्रथिने आणि ऊर्जा यांची वानवा नाही; धोका आम्लाचा आहे.

कडब्याच्या गव्हाणीत पोटातल्या जिवाणूंना नत्र कमी पडते, वाढ्यांच्या गव्हाणीत चुना, तर मुरघास-खुराकाच्या गव्हाणीत आम्ल आवरणारे काही तरी. म्हणजे एकाच तालुक्यातल्या तीन गोठ्यांना तीन वेगळ्या पुड्या लागतात, आणि चौथ्या गोठ्याला एकही लागत नसेल. लेखकांनी पुस्तकाची मांडणी उत्पादनांच्या नावांनी न करता या दोषांच्या क्रमाने केली आहे, ती म्हणूनच मला पटते.

गाय खात नाही, जिवाणू खातात

पुढचे काही समजायचे तर कोटीपोट समजून घ्यावे लागते. जनावरांचे डॉक्टर त्याला रुमेन म्हणतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला हा पहिला आणि सर्वांत मोठा; मोठ्या संकरित गाईत त्यात १०० लिटरहून अधिक माल मावतो. गोबरगॅसची टाकी ज्यांच्या परसात आहे त्यांना त्याचे काम पटकन उमगेल : हवा नसलेली कोंदट जागा, ऊब, ओल आणि आत घातलेले कुजवून वायू नि पोषक रस तयार करणारे अब्जावधी सूक्ष्मजीव. कोटीपोटातल्या एक मिलिलिटर रसात जिवाणूंची संख्या हजार कोटींच्या घरात असते. शिवाय आदिजीव आणि बुरशी वेगळ्या. गाईला स्वतःला कडब्यातला सेल्युलोज पचवता येत नाही. तो जिवाणू फोडतात आणि त्यातून ॲसेटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग या आम्लांतून मिळतो. प्रथिनांचेही तसेच. जिवाणू पुढच्या कप्प्यांत वाहून येतात आणि गाय त्यांनाच पचवते. आपण गव्हाणीत टाकतो ते गाईचे जेवण नसून तिच्या जिवाणूंचे जेवण आहे.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे लाळ. गाय दिवसाला १०० लिटरच्या वर लाळ गाळते. तिच्यात निसर्गाने घातलेला सोडा असतो आणि तो पोटातले आम्ल आवरतो. लाळ सुटायची तर चावावे लागते, चावायचे तर चाऱ्यात लांबीचा तंतू लागतो. कुट्टी पिठासारखी बारीक केली, कडबा बंद केला आणि भरडा वाढवला की रवंथ कमी होतो, लाळ घटते आणि कोटीपोट आंबट होते. सामू साडेपाचच्या खाली गेला की तंतू पचवणारे जिवाणू मरू लागतात. दुधाची फॅट उतरते, शेण पातळ आणि फेसाळ पडते, पुढे खुरांना सूज येऊन गाय लंगडते. संकलन केंद्रावर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या मापाने भाव ठरतो, तेव्हा कोटीपोटातला हा बिघाड थेट पावतीवर उमटतो.

डॉक्टर येण्याआधी घरच्या माणसाला काय पाहता येईल, हे पुस्तकात बारकाईने सांगितले आहे. त्यातली एक चाचणी मला विशेष आवडली. ताजे शेण ओंजळभर घ्यायचे, जुन्या चाळणीत घालून पाण्याखाली धुवायचे आणि चाळणीत काय उरते ते पाहायचे. मक्याचे अख्खे दाणे किंवा मोठे तुकडे उरले, तर भरडा नीट दळलेला नाही किंवा चारा पोटात थांबायच्या आत पुढे सरकतो आहे. बोटाच्या पेराएवढे न पचलेले धागे उरले, तर तंतू फोडणारे जिवाणू दुबळे झाले आहेत. चिकट शेवाळलेला पापुद्रा दिसला, तर आतड्याचे अस्तर दुखावले आहे. जोडीला दुपारी गोठ्यात नजर टाकायची : बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून अधिक रवंथ करीत असाव्यात आणि एका घासाला ५० ते ६० वेळा जबडा हलावा. या दोन गोष्टी पाहायला पैसा लागत नाही. कुठली पुडी हवी आणि मुळात हवी का, याचे निम्मे उत्तर त्यांतून मिळते.

या शास्त्राची घराणी

खाद्यपूरकांच्या विचाराला आज पाच-सहा घराणी आहेत. नव्या वाचकाने त्यांची तोंडओळख करून घेतली तर पुस्तकातली पुढची चर्चा सोपी जाईल.

सर्वांत जुने घराणे घरगुती औषधांचे. ओवा, सुंठ, हिंग, मेथी, हिरडा, काळे मीठ; पोटफुगीवर गोडेतेल; व्यालेल्या गाईला शिजवलेली बाजरी आणि गूळ. यातले बरेच अनुभवाने टिकलेले आहे. ओव्यात थायमॉल असते. युरोपात प्रतिजैविकांना पर्याय शोधताना ज्या सुगंधी तेलांवर काम झाले, त्यांत थायमॉलही आहे. त्याने काही जिवाणूंना आळा बसतो. मात्र मात्रेनुसार त्याचा परिणाम उलटसुलट होतो. घरगुती औषधाचे दुबळेपण तिथेच आहे : मूठ कुणाची, पाला ओला की वाळलेला, जनावर किती वजनाचे, याचा मेळ बसत नाही. शिवाय नळीने किंवा बाटलीने घाईत पाजलेले तेल श्वासनलिकेत उतरले तर पोटफुगीपेक्षा मोठे दुखणे होऊन बसते. लेखकांनी या परंपरेची टवाळी केलेली नाही आणि तिची आरतीही ओवाळलेली नाही, हे चांगले झाले.

दुसरे घराणे कमतरतेचे. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत आर्नोल्ड थायलर यांनी दाखवले की माळावरची गुरे हाडे चघळतात ती स्फुरदाच्या भुकेपोटी, आणि त्या कुजक्या हाडांतल्या विषाने मरतात. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात गुरामेंढरांचा एक गूढ आजार कोबाल्टच्या अभावाने होतो हे सिद्ध झाले. पोटातले जिवाणू कोबाल्टपासून बी-१२ बनवतात, हे पुढे उलगडले. आपल्याकडे गाय चप्पल, दोरी, प्लॅस्टिक चघळते तेव्हा तिला वाईट खोड लागली असे म्हणतात. बहुधा ती खनिजांची भूक असते. महाराष्ट्रातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींत जस्त कमी पडते. जमिनीत नाही ते चाऱ्यात कुठून येणार? खनिज मिश्रण हे म्हणून सर्वांत सरळ आणि बहुतेक गोठ्यांत उपयोगी पडणारे पूरक. ते घेताना पिशवीवर भारतीय मानक आयएस १६६४ची खूण आहे का, आणि कॅल्शियम, स्फुरद, तांबे, जस्त, कोबाल्ट यांचे प्रमाण छापले आहे का, एवढे वाचायला शिकले तरी फसवणूक पुष्कळ कमी होईल. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडण्याचा आपल्याकडचा सल्ला याच घराण्यातला : बांधला जाणारा चुना बाहेरून भरून देणे.

तिसरे घराणे चारा सुधारणाऱ्यांचे. फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांना १९४५ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले त्यात आम्ल घालून हिरवा चारा टिकवण्याच्या पद्धतीचा मोठा वाटा होता. आजचा पिशवीतला मुरघास त्याच विचाराचा वंशज आहे. आपल्याकडे उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बायफ ही संस्था स्थापन केली. संकरित पैदास घराघरांत गेली आणि तिच्या मागोमाग चाऱ्याचा प्रश्नही गेला. कारण दहा-पंधरा लिटरची गाय नुसत्या कडब्यावर उभी राहत नाही. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने युरिया, मळी आणि खनिजांची चाटण वीट व बायपास प्रथिनांचे खाद्य पसरवले, आणि २०१२ पासून राष्ट्रीय डेअरी योजनेत गावोगावी संतुलित आहाराचा कार्यक्रम चालवला. १०० किलो कोरड्या वैरणीला ४ किलो युरियाचे द्रावण शिंपडून तीन आठवडे हवाबंद ठेवण्याची कृती अजूनही तितकीच कामाची आहे. पण युरिया पाण्यात कालवून पाजला किंवा खाद्यात एका जागी गोळा राहिला, तर जनावर तासाभरात दगावू शकते. या एका विषयावर लेखकांचा सूर कडक झाला आहे, आणि तो तसाच हवा होता.

चौथे घराणे सर्वांत ताकदवान आणि सर्वांत वादग्रस्त. १९४९-५०च्या सुमारास अमेरिकेत ज्यूक्स आणि स्टॉकस्टॅड यांना आढळले की खाद्यात किंचित क्लोरटेट्रासायक्लिन असले की कोंबडीची पिल्ले भराभर वाढतात. तिथून प्रतिजैविके खाद्यात शिरली. पुढे मोनेन्सिन आले. मांसाच्या गुरांसाठी अमेरिकेत त्याला १९७५ मध्ये मान्यता मिळाली. ते कोटीपोटातले जिवाणू बदलून प्रोपिओनिक आम्ल वाढवते आणि मिथेन कमी करते. फीडलॉटच्या धान्यप्रधान खाद्यात त्याने खाद्याची बचत होते. तेच औषध घोड्याला मात्र अगदी थोड्या मात्रेत जीवघेणे ठरते. वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्याची किंमत हळूहळू उघड झाली : औषधांना न जुमानणारे जंतू. स्वीडनने १९८६ मध्ये अशा वापरावर बंदी घातली, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनचा वापर बंद केला. ज्या गोठ्यातले दूध आपल्याच नातवंडांच्या पेल्यात जाते, तिथे ही चर्चा परदेशातली म्हणून बाजूला सारता येत नाही.

पाचवे घराणे जिवंत सूक्ष्मजीवांचे : यीस्ट, प्रोबायोटिक, विकरे. जिवंत यीस्ट कोटीपोटात शिरलेला थोडासा प्राणवायू संपवते आणि लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंना बळ देते. त्यामुळे खुराक जास्त असलेल्या गाईचा सामू सावरतो. नुसत्या कडब्यावरच्या गाईत तसा फायदा दिसेलच असे नाही. या घराण्यातली सर्वांत सुरस गोष्ट सुबाभळीची आहे. बायफने सत्तरच्या दशकात हे झाड चाऱ्यासाठी देशभर पोचवले. पाल्यात प्रथिने भरपूर, पण मिमोसिन नावाचे विषही. ते जास्त खाल्ले की केस झडतात, वाढ खुंटते. ऑस्ट्रेलियात रेमंड जोन्स यांच्या लक्षात आले की हवाईच्या शेळ्या तोच पाला बिनधास्त खातात. त्यांच्या पोटातला एक जिवाणू हे विष मोडून टाकतो, असे निघाले. ऐंशीच्या दशकात तो जिवाणू ऑस्ट्रेलियन गुरांच्या पोटात सोडला गेला आणि प्रश्न बराचसा मिटला. पोटातल्या प्रजेची अदलाबदल करून चारा पचवता येतो, याचा इतका चोख पुरावा दुसरा नाही.

सहावे घराणे अगदी नवे, मिथेनचे. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक तयार केले आहे. परदेशांत रासायनिक मिथेनरोधके बाजारात आली आहेत. ढेकरेवाटे जाणारा मिथेन ही गाईने खाल्लेल्या चाऱ्यातली वाया गेलेली ऊर्जा आहे, एवढे लक्षात घेतले तर हा विषय केवळ हवामान परिषदांचा राहत नाही.

आजच का

या विषयाची गरज वाढण्याची कारणे आपल्या भागात डोळ्यांसमोर आहेत. गाईची दूध देण्याची ताकद वाढली, चराई संपली, बांधावरचे गवत तणनाशकाने गेले. दुष्काळी वर्षांत चारा छावण्यांमध्ये ऊस आणि वाढे हाच आहार होतो. छावणीतून परतलेली गाय पुढच्या वेतात जे दाखवते, त्याची बीजे तिथे पडलेली असतात. पावसाळ्यात ओल लागलेली सरकी आणि शेंगदाणा पेंड बुरसटते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्षी हजारोंनी मेले ते अशाच बुरसटलेल्या शेंगदाणा पेंडीमुळे, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. ते विष दुधात उतरते.

आणखी एक कारण खास आपल्या तालुक्यांचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नरच्या घाटांवर पुन्हा गर्दी आहे, आणि गाड्याच्या बैलाचा खुराक हा चढाओढीचा विषय झाला आहे. अंडी, दूध, खारीक, उडीद, मका. बैलमालकाची माया खरी, पण मोठ्या जनावराला पाजलेल्या अंड्यातले बरेच प्रथिन कोटीपोटातले जिवाणू फोडून टाकतात. तेच प्रथिन चांगल्या पेंडीतून निम्म्याहून कमी खर्चात मिळते. शर्यतीच्या तोंडावर अचानक वाढवलेला मका किंवा उडीद तर बैलाला आम्लाच्या दुखण्यात ढकलतो. बोकडांचेही तसेच. संगमनेरी किंवा उस्मानाबादी बोकडाला ईदच्या आधी धान्यावर धरले की मूतखडा अडकून लघवी तुंबते. फीडलॉटवाल्यांनी यावर अमोनियम क्लोराईडचा उपाय रूढ केला आहे. परदेशी गव्हाणीतला दोष आपल्याकडे जसाच्या तसा सापडतो, अशा थोड्या जागांपैकी ही एक. त्यामुळे तो उपाय इथेही लागू पडतो. शेळीला आंत्रविषाराची लस मात्र त्याआधी टोचलेली हवी, तिची जागा कुठलीही पुडी घेत नाही.

सावधपणाचा सर्वांत मोठा धडा इंग्लंडने दिला आहे. स्वस्त प्रथिन म्हणून गुरांच्या खाद्यात गुरांचेच मांस-हाडांचे पीठ मिसळले गेले. १९८६ मध्ये मॅड काऊ रोग ओळखला गेला आणि १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना ते पीठ देण्यावर बंदी आली. वाढीच्या हिशेबात खाद्य कुठून येते हा प्रश्न विचारायचा राहिला, की असे होते.

पुस्तक काय करू पाहते

लेखकांनी स्वतःवर तीन बंधने घालून घेतली आहेत. एक, प्रत्येक पूरकाआधी त्याचा दोष : चिन्हे कोणती, कशात गल्लत होते, चारा-पाणी बदलून दोष जातो का. खाण्याचा सोडा दिवसाला १०० ते १५० ग्रॅम देण्याविषयी लिहिण्याआधी कडबा परत सुरू करा, गव्हाण दोनऐवजी चार वेळा भरा, पाणी दिवसभर समोर ठेवा, असे सांगितले आहे. दोन, प्रत्येक मात्रा ग्रॅममध्ये आणि जनावराच्या वयानुसार. मूठ आणि चमचा नाही. तीन, प्रत्येक पुडीचा हिशेब दुधाच्या पावतीशी. दोन सारख्या गाई घ्यायच्या, एकीला पूरक द्यायचे, दुसरीला नाही, बाकी सगळे सारखे ठेवायचे आणि किमान तीन आठवडे रोजचे दूध नि फॅट वहीत मांडायचे. प्रयोगशाळेइतके हे काटेकोर नाही, पण शेजाऱ्याच्या सांगण्यापेक्षा खूपच भरवशाचे आहे.

कालवडीवरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. वासरू जन्मते तेव्हा त्याचे कोटीपोट नावापुरतेच असते. दूध सरळ चौथ्या कप्प्यात उतरते. पहिल्या एक-दोन तासांत चीक, पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, आणि मग लवकरात लवकर थोडा थोडा सुका खुराक. खुराकातून होणारे ब्युटिरिक आम्लच कोटीपोटाच्या अस्तराला वाढवते. पहिल्या तीन महिन्यांत हे चुकले तर पुढे कितीही टॉनिक पाजले तरी कालवड मागेच राहते. गोठ्यात सर्वांत दुर्लक्षित जीव हाच असतो, कारण तो अजून दूध देत नाही.

एका बाबतीत माझे मत लेखकांपेक्षा वेगळे आहे. टॉक्सिन बाइंडरविषयी ते जरा जास्तच उदार आहेत. बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिनला धरते हे खरे, पण बुरशीची सगळीच विषे तिला जुमानत नाहीत. बुरसटलेली गोणी परत करणे, पेंड जमिनीपासून उंच फळीवर ठेवणे आणि महिन्याभरापुरतीच खरेदी करणे हा माझ्या मते पहिला, दुसरा आणि तिसरा उपाय आहे. बाइंडर चौथा. वाचकाने दोन्ही मते वाचून आपल्या गोठ्यापुरता निर्णय घ्यावा.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. आजारी जनावराचा इलाज यात नाही. पोट फुगलेली, मान टाकलेली, जमिनीला बसलेली गाय डॉक्टरांची आहे, पुस्तकाची नाही. यातले बरेच आकडे परदेशी किंवा संशोधन केंद्रांवरच्या गाईंचे आहेत, आणि मी वर ज्या तीन गव्हाणी सांगितल्या त्यांचे आकडे फार थोडे. लेखक हे लपवत नाहीत. ही उणीव भरून काढण्याचे साधन मात्र आपल्या हातात आहे. चारा तपासण्याची सोय कृषी आणि पशुवैद्यकीय विद्यापीठांकडे आहे. गावच्या दूध संस्थेने वर्षातून दोनदा कडबा, वाढे आणि मुरघासाचे नमुने पाठवले आणि निकाल फळ्यावर लावले, तर कुठली पुडी घ्यायची हे जाहिरात ठरवणार नाही. पुढच्या आवृत्तीत केंदूर-पाबळच्या कडब्यातल्या प्रथिनांचे आणि पाटसच्या वाढ्यांतल्या ऑक्झलेटचे आकडे असायला हवेत. ते लेखकांच्या टेबलावर तयार होणार नाहीत. वाचकांनी आपापल्या वह्यांतून आणि संस्थांमधून ते पाठवायचे आहेत.